जुन्या पोको एफ1 मध्ये लिनिएज ओएस कशी टाकायची: बूटलोडर उघडण्यापासून पहिल्या बूटपर्यंत

पोको एफ1 ऑगस्ट 2018 मध्ये 20,999 रुपयांना आला तेव्हा माझ्या ओळखीतल्या चौघांनी तो घेतला. स्नॅपड्रॅगन 845, 6 जीबी रॅम, 4000 एमएएचची बॅटरी. त्या पैशांत हे सगळं एका फोनात मिळत नव्हतं. त्या चारपैकी तीन फोन अजून ठणठणीत आहेत. फक्त कंपनीकडून, म्हणजे शाओमीकडून, आलेलं सॉफ्टवेअर अँड्रॉइड 10 आणि एमआययूआय 12 (शाओमीने अँड्रॉइडवर चढवलेला स्वतःचा साज) वर थांबलंय, सुरक्षेचे पॅच बंद झालेत आणि फोन खणात पडून आहेत. असा फोन हाताशी असेल तर लिनिएज ओएस, म्हणजे स्वयंसेवकांनी अँड्रॉइडवरून बनवलेली मोफत सिस्टीम, टाकून त्याला नव्या अँड्रॉइडवर आणता येतं. हा लेख त्यासाठी आहे, आणि ज्याने आयुष्यात कधी काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केलेली नाही त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय.

एक गोंधळ आधीच मिटवू. मोबाइलच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतात त्यात तीन वेगळी कामं एकत्र कालवलेली असतात. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्रॅम. तो उघडणं म्हणजे कंपनीची सही नसलेली सिस्टीमही फोनने चालू करावी, एवढी परवानगी मिळवणं. रॉम टाकणं म्हणजे ती दुसरी सिस्टीम प्रत्यक्ष भरणं. आणि रूट करणं म्हणजे चालू सिस्टीममध्ये स्वतःला सर्वाधिकार देणं. पहिलं केल्याशिवाय दुसरं होत नाही, पण तिसरं केल्याशिवाय पहिली दोन मजेत होतात. माझं ठाम मत असं की नवख्याने रूटच्या वाटेला जाऊच नये. ‘रूट कसं करू?’ विचारणाऱ्या दहा जणांना खोदून विचारलं तर आठ जणांना जाहिराती घालवायच्या असतात. त्यासाठी अँड्रॉइड 9 पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसचा पत्ता टाकला की निम्म्याहून जास्त काम झालं.

आयफोनवाल्यांचं ‘जेलब्रेक’ हे त्याहून निराळं प्रकरण. तिथे ॲपल परवानगी देतच नाही, त्यामुळे सिस्टीममधली एखादी फट शोधून आत शिरावं लागतं. सप्टेंबर 2019 मध्ये ‘चेकमेट’ (लिहिताना शेवटी 8 चा आकडा) नावाची अशी फट जाहीर झाली. ती आयफोन 4एस पासून आयफोन X पर्यंतच्या चिपमध्ये कोरलेल्या भागातच असल्याने अपडेट देऊन बुजवता येत नाही. पण तिच्यावर आधारलेला जेलब्रेक फोन बंद करून चालू केला की उतरतो. मग पुन्हा केबल लावा, पुन्हा संगणक. आणि हाती येतं ते ॲपलचंच जुनं आयओएस. म्हणून जुन्या फोनचं आयुष्य वाढवायचं असेल तर अँड्रॉइडच बरा.

लिनिएजचं कूळ थोडक्यात. स्टीव्ह कोंडिक यांनी 2009 मध्ये एचटीसी ड्रीमसाठी सायनोजेनमॉड सुरू केलं. पुढे त्याची कंपनी झाली, डिसेंबर 2016 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, आणि स्वयंसेवकांनी तोच कोड लिनिएज ओएस या नावाने पुढे नेला. यात कुणीही ग्राहक नाही, त्यामुळे तक्रार करायला कुणी दुकान उघडून बसलेलं नाही हे लक्षात असू द्या.

फोन निवडताना

रोजचा, एकमेव फोन यासाठी घेऊ नका. हे सावधगिरीचं वाक्य म्हणून लिहीत नाहीये, त्यामागे रोकडा व्यवहार आहे. बूटलोडर उघडा असलेला फोन गूगलच्या ‘प्ले इंटेग्रिटी’ तपासणीत नापास होतो. बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप्स ही तपासणी करतात. कधी ॲप उघडतच नाही, कधी उघडतं पण पैसे पाठवताना अडतं. चुकवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या आज चालतात आणि पुढच्या महिन्यात बंद पडतात. किराणावाल्यासमोर क्यूआर स्कॅन करून उभं असताना ते कळणं फार वाईट. काही फोनांत ओटीटीचं एचडीसुद्धा जातं, कारण ‘वाइडवाइन’ची (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या व्यवस्थेची) पातळी एल1 वरून एल3 वर घसरते.

सेकंड हँड फोन घेणार असाल तर दोन गोष्टी विकणाऱ्यासमोरच करा. डायलरवर स्टार हॅश 06 हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा आणि केवायएम लिहून, जागा सोडून, तो पंधरा आकडी नंबर 14422 वर एसएमएस करा. फोन कुठला आहे आणि तो ब्लॉक केलेला आहे का ते उत्तरात येतं. दुसरं, आधीच्या मालकाचं एमआय खातं (शाओमीचं लॉगिन) त्याच्याच हाताने काढून घ्या. ते राहिलं तर बूटलोडर तुम्हाला कधीच उघडता येणार नाही. आणि ‘आयएमईआय पण बदलून देतो’ म्हणणारा भेटला तर तिथून निघा. 2023 च्या दूरसंचार कायद्याने तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रॉम बदलण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण काही दुकानांत दोन्ही कामं एकाच टेबलावर चालतात.

बॅटरी फुगली असेल तर मागचं झाकण किंचित वर आलेलं दिसतं. ती आधी बदला. नमुना बीएम4ई. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधलीत तर मिळून जाईल, पण बसवून आणि चार्ज करून दाखवायला सांगा.

जे काही आहे ते बाहेर काढा

बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. त्यात सवलत नाही.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपच्या गप्पा सगळं नीट उतरवलं आणि स्वतःवर खूश झालो. नंतर आठवलं की आजीच्या आवाजातली बारा-तेरा रेकॉर्डिंगं फोनच्या ‘रेकॉर्डर’ फोल्डरमध्ये होती. फोटोंच्या बॅकअपमध्ये ती जात नाहीत. त्या दिवसापासून मी ‘कुठलं ॲप बॅकअप घेतं’ याचा विचारच करत नाही. फोन केबलने संगणकाला जोडतो आणि इंटर्नल स्टोरेजमधला पहिला फोल्डर ते शेवटचा फोल्डर, आंधळेपणाने, सगळं कॉपी करतो. ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्यातली खाती आधी दुसऱ्या फोनवर हलवा. ती हार्ड डिस्कवर उतरत नाहीत. दोन्ही आयएमईआय कागदावर लिहून ठेवा.

फोनमधलं तुमचं स्वतःचं एमआय खातं मात्र आत्ता काढू नका, पुढच्या पायरीला तेच लागतं.

बूटलोडर: इथे घाई चालत नाही

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘एमआययूआय व्हर्जन’वर सात वेळा टिचकी मारा. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा दडवलेला कप्पा उघडतो (तो ‘ॲडिशनल सेटिंग्ज’च्या आत सापडेल). त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करा. मग ‘एमआय अनलॉक स्टेटस’मध्ये जाऊन ‘ॲड अकाउंट अँड डिव्हाइस’ दाबा. त्या वेळी वायफाय बंद हवं आणि सिमचा डेटा चालू हवा, नाहीतर जोडणी होत नाही.

आता शाओमीच्या संकेतस्थळावरून ‘एमआय अनलॉक’ हे साधन उतरवा. ते विंडोजवरच चालतं. फोन बंद करा, आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा. शाओमीच्या जुन्या फोनांवर इथे कानटोपी घातलेला एक ससा हिरव्या रोबोची दुरुस्ती करताना दिसतो. हा फास्टबूट मोड, म्हणजे फोन संगणकाकडून थेट आज्ञा घेतो ती अवस्था. ससा दिसला नाही, नुसतं ‘फास्टबूट’ लिहून आलं तरी तेच. केबल लावा, साधनात त्याच एमआय खात्याने शिरा आणि ‘अनलॉक’ दाबा.

बहुतेक वेळा उत्तर येतं: 168 तासांनी या. म्हणजे बरोबर सात दिवस. हे ठरवून ठेवलेलं आहे. चोरलेला फोन लगेच उघडता येऊ नये, शिवाय मालकाला विचार बदलायला वेळ मिळावा. या आठवड्यात खात्यातून बाहेर पडू नका आणि ‘ॲड अकाउंट’चं बटण गंमत म्हणूनही पुन्हा दाबू नका, नाहीतर सात दिवस पहिल्यापासून मोजले जाण्याची पाळी येते. फोन सिमसकट चालू राहू द्या. आठव्या दिवशी तीच कृती पुन्हा करा. टक्केवारी शंभरावर जाते, फोन पुसला जातो आणि पुढच्या वेळी चालू होताना लोगोच्या पडद्यावर उघड्या कुलुपाचं चिन्ह आणि ‘अनलॉक्ड’ दिसू लागतं. ते कुलूप कायम दिसत राहणार. कुणाच्या हातात फोन गेला तर तोही दुसरी सिस्टीम टाकू शकतो, याची ती आठवण आहे. (2023 च्या अखेरीपासून आलेल्या हायपरओएसच्या (एमआययूआयच्या जागी आलेल्या शाओमीच्या सिस्टीमच्या) फोनांना नियम याहून बरेच कडक आहेत. म्हणूनही शिकायला जुना फोन बरा.)

मी इथे तीन रात्री घालवल्या. संगणक फोन ओळखायचा, अनलॉक दाबलं की ससा गायब, काळा पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रेस एनी की टू शटडाउन’. ड्रायव्हर काढले, पुन्हा टाकले, तीन केबल बदलल्या. फोन गेला असंच वाटलं. चौथ्या रात्री खणातला एक जुना, पिवळट पडलेला यूएसबी 2 चा हब मध्ये लावला आणि पहिल्या झटक्यात काम झालं. काही नव्या लॅपटॉपांच्या यूएसबी 3 च्या पोर्टशी या फोनांच्या फास्टबूटचं जमत नाही, एवढंच ते दुखणं. ती मुंगीएवढी अक्षरं दिसली तर फोनला काही झालेलं नाही, हब आणा.

फाइली

प्रत्येक फोनला रॉमच्या जगात एक सांकेतिक नाव असतं. पोको एफ1 चं ‘बेरिलियम’, रेडमी नोट 4 चं ‘मिडो’, नोट 5 प्रोचं ‘व्हायरेड’. फाइल उतरवताना बाजारातलं नाव बघू नका, हे नाव बघा. दुसऱ्या फोनची फाइल टाकणं हा फोनची वीट (चालूच न होणारा ठोकळा) करण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे.

चार गोष्टी लागतात. लिनिएजच्या डाउनलोड पानावरून बेरिलियमची झिप फाइल, आणि त्याच तारखेची रिकव्हरीची इमेज (रिकव्हरी म्हणजे सिस्टीम भरण्या-पुसण्यासाठी फोनमध्ये असलेला छोटा वेगळा मेनू). गूगलची ॲप्स हवी असतील तर ‘माइंड द गॅप्स’चं पॅकेज: एआरएम64 चं (या फोनच्या चिपचा प्रकार), आणि लिनिएज ज्या अँड्रॉइडवर आहे त्याच आवृत्तीचं. लिनिएजचा आकडा आणि अँड्रॉइडचा आकडा एक नसतो. लिनिएज 20 म्हणजे अँड्रॉइड 13, 21 म्हणजे 14, 22 म्हणजे 15. इथे बरेच जण फसतात. चौथी गोष्ट गूगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’, ज्यात संगणकावरून फोनला आज्ञा देणारी एडीबी आणि फास्टबूट ही दोन साधनं असतात. शक्यतो चारही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

उतरवलेली झिप अर्धवट तर नाही ना, हे तपासा. डाउनलोड पानावर फाइलशेजारी 64 अक्षरांची एसएचए256 खूण दिलेली असते. विंडोजच्या ‘सर्टयूटिल’ने आपल्या फाइलची खूण काढा आणि दोन्ही ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या भागात नेट जसं तुटत राहतं ते पाहता मी ते कधीच टाळत नाही.

पंधरा मिनिटांचं काम

आठ दिवसांच्या तयारीनंतरचा हा भाग गंमत वाटावी इतका छोटा आहे. इथल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्यात. संगणकावर त्या अर्थातच इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या.

सुरू करण्याआधी फोन एमआययूआयच्या शेवटच्या अपडेटवर, म्हणजे अँड्रॉइड 10 वर असल्याची खात्री करा. बॅटरी निम्म्याच्या वर हवी. प्लॅटफॉर्म टूल्सचा फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ लिहून एंटर दाबा, काळी खिडकी तिथेच उघडते.

फोन फास्टबूटमध्ये आणून जोडा. ‘फास्टबूट डिव्हायसेस’ लिहा. एक नंबर उमटला तर संपर्क झाला. काहीच उमटलं नाही तर ड्रायव्हर बसलेला नाही. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळा त्रिकोण दिसेल, तिथे गूगलचा यूएसबी ड्रायव्हर द्या.

मग ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ लिहा, जागा सोडा, आणि रिकव्हरीची इमेज माउसने ओढून खिडकीत सोडा. पत्ता आपोआप टाइप होतो, त्यामुळे नाव लिहिताना चूक होत नाही. एंटर. दोन ओळींत ‘ओके’ येतं.

आता बोटं नीट ठेवा. आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा, लोगो दिसेपर्यंत, मग सोडा. फोन थेट नव्या रिकव्हरीतच गेला पाहिजे. चुकून एमआययूआय चालू झालं तर ते आपली जुनी रिकव्हरी परत बसवतं. तसं झालं तर घाबरू नका, मागची आज्ञा पुन्हा द्या.

लिनिएजच्या रिकव्हरीत ‘फॅक्टरी रीसेट’मध्ये जाऊन ‘फॉरमॅट डेटा’ करा. ही पायरी गाळली तर एमआययूआयने कुलूपबंद केलेला जुना डेटा मागे राहतो आणि नवी सिस्टीम लोगोवरच गोल गोल फिरत बसते, ज्याला बूटलूप म्हणतात. मागे येऊन ‘अप्लाय अपडेट’, त्यात ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’. संगणकावर ‘एडीबी साइडलोड’ लिहून लिनिएजची झिप खिडकीत ओढा.

टक्के वाढत 47 वर येतात आणि थांबतात. इथे पुष्कळ जणांनी केबल उपटली आहे. उपटू नका. संगणकाच्या बाजूने 47 हाच बऱ्याचदा शेवट असतो. फोनचा पडदा बघा, काम तिथे चालू असतं. खिडकीत ‘टोटल एक्सफर’ आलं, किंवा ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’ असं नापास-पास एकाच ओळीत सांगणारं विचित्र वाक्य आलं, तरी सगळं ठीक झालेलं असतं.

गूगलची ॲप्स हवी असतील तर ती आत्ताच, पहिल्यांदा फोन चालू करण्याआधी टाका. त्याच पद्धतीने पुन्हा साइडलोड. ‘सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड’ असं विचारेल, ‘यस’ म्हणा. हे पॅकेज लिनिएजच्या सहीचं नसतं, म्हणून तो प्रश्न येतो. एकदा फोन चालू करून मग ही ॲप्स टाकायला गेलात तर पुन्हा सगळं पुसायची पाळी येते.

‘रीबूट सिस्टीम नाऊ’. एका कमानीवरून सरकणारं वर्तुळ दिसेल. पहिल्या वेळी तासभर बसल्यासारखं वाटतं, पण पंधरा मिनिटांच्या आत स्वागताचा पडदा यायला हवा. भाषेच्या यादीत मराठी खाली सापडते. पंधरा मिनिटं उलटूनही वर्तुळ सरकतच असेल तर पॉवर दाबून बंद करा, रिकव्हरीत जा आणि ‘फॉरमॅट डेटा’पासून पुन्हा सुरुवात करा. नव्वद टक्के वेळा तीच पायरी राहिलेली असते.

पहिल्या दिवशी दोन्ही सिमवर फोन लावून बघा, आयएमईआय कागदाशी ताडा, ब्लूटूथ, जीपीएस, दोन्ही कॅमेरे तपासा. पुढचे अपडेट सेटिंग्जमधल्या ‘अपडेटर’मध्ये येतात आणि त्यासाठी संगणक लागत नाही. माझा फोन आता स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. आई त्यावर रेडिओ ऐकते, पाककृतींचे व्हिडिओ बघते. त्यात सिम नाही, बँक नाही, त्यामुळे मघाचे तोटे तिथे लागूच होत नाहीत.

परत एमआययूआयवर जायचं असेल तर

फोन विकायचा असेल किंवा हे सगळं नकोसं झालं असेल तर शाओमीचंच ‘एमआय फ्लॅश’ हे साधन वापरून मूळ रॉम परत टाकता येतं. फास्टबूटसाठीचं रॉम घ्या, आणि भारतात विकलेल्या फोनला भारतातलंच. जुनी आवृत्ती टाकण्याच्या मोहात पडू नका. 2018 मध्ये रेडमी नोट 5 प्रोच्या कितीतरी फोनांच्या विटा झाल्या त्या याच कारणाने. ‘अँटी रोलबॅक’ हा आकडा फोनच्या आत एकदा वर गेला की खाली येत नाही, आणि त्याहून जुनी सिस्टीम दिसली की फोन चालूच होत नाही. मग ‘ईडीएल’ या आणीबाणीच्या मोडमधून उठवावा लागतो, आणि त्याला शाओमीने अधिकार दिलेलं खातं लागतं, जे तुमच्या-माझ्याकडे नसतं.

एमआय फ्लॅशच्या खिडकीत अगदी तळाशी तीन गोल पर्याय असतात. खूण आधीपासून ‘क्लीन ऑल अँड लॉक’वर असते. म्हणजे रॉम टाक आणि बूटलोडरला पुन्हा कुलूप लाव. रॉम दुसऱ्या देशाचं निघालं आणि कुलूप लागलं, तर फोन ‘हे व्हर्जन या फोनवर चालणार नाही’ असं सांगून तिथेच थांबतो आणि कुलूप उघडायला सेटिंग्जपर्यंत पोचताच येत नाही. ‘फ्लॅश’ दाबण्याआधी खूण ‘क्लीन ऑल’वर आणा. मूळ रॉमवर फोन नीट चालू झाला, दोन दिवस वापरून बघितला, की कुलूप नंतर वेगळं लावता येतं. लिनिएज आत असताना मात्र ते कधीच लावू नका.